टपावरचा सूर्य

३ मार्च, सकाळी ८
ठरलं. कॅरव्हॅनच्या टपावर सोलर पॅनेल मीच बसवणार. बायकोची आठ दिवसांची रजा मंजूर झाली, चोवीस तारखेपासून. सहा वर्षांत आमचा समुद्राचा बेत दोनदा मोडला. दोन्ही वेळा माझ्यामुळे, असं ती म्हणते. पहिल्यांदा मी तंबू निवडत होतो, दुसऱ्यांदा तो परत करत होतो. यात माझा काय दोष? या वेळी तिने निक्षून सांगितलंय, चोवीसला सकाळी सातला निघायचं. निघूच की. एकवीस दिवसांत लोक घरं बांधतात.

४ मार्च
मेहुण्याचा फोन. इलेक्ट्रिशियन आहे. म्हणाला, भावोजी, रविवारी येतो, दोन तासांत लावून देतो. गोड बोलून कटवला. हा माणूस वायर दाताने सोलतो.

९ मार्च
रिसर्च. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, काचेचं कडक आणि प्लॅस्टिकचं वाकणारं. मी सत्तावीस प्रश्न काढून नेले होते. चौदाव्यानंतर तो जेवायला गेला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

१४ मार्च
काचेचं घेतलं. वाकणारं आपल्या स्वभावात बसत नाही. बायकोने विचारलं, टपाचं माप घेतलंस का. सांगितलं, माप माझ्या डोळ्यांत आहे.

१५ मार्च
पॅनेल बदलून आणलं. दुकानदार हल्ली मला पाहिलं की बंद फोन कानाला लावतो.

१७ मार्च
बसवलं! ब्रॅकेट, सीलंट, वायरिंग, बॅटरी, सगळं एकहाती. मध्ये अर्धा तास अंगठा टपाला चिकटला होता. बायकोने खालून चहाला हाक मारली. वर हवा छान आहे, थोडं बसतो म्हटलं.
पॅनेलच्या पुढे जागा उरली, तिथे डिश अँटेना लावून टाकली. बायकोला मालिका बघता याव्यात म्हणून. मॅचेस त्याच आठवड्यात आहेत, हा निव्वळ योगायोग.

१८ मार्च, संध्या. ६
बॅटरी ११ टक्के. पहिलाच दिवस आहे. सूर्यालाही सवय व्हायला हवी.

२० मार्च
१९ टक्के. कॅरव्हॅनचं तोंड चुकीच्या दिशेला असणार. बायकोला गाडी जोडून ती फिरवायला सांगितलं. ड्रायव्हिंग ती करते, दिशा मी सांगतो. चार वेळा फिरवली. पाचव्यांदा किल्ली माझ्या हातात ठेवून ती आत निघून गेली. मला रिव्हर्स येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. घाव वर्मी लागला.

२२ मार्च
मेहुणा आला. कोणी बोलावलं नव्हतं. खालूनच मान वर करून म्हणाला, भावोजी, डिशची सावली पॅनेलवर पडतेय, ती काढा. एवढीशी सावली! मी त्याला बॅटरीच्या रोजच्या टक्क्यांचा माझा तक्ता दाखवला. तो चहा घेऊन बहिणीशी गप्पा मारत बसला. दोघं बराच वेळ हसत होते. विषय कळला नाही.

२३ मार्च, दुपारी
४१ टक्के. निर्णय घेतला, बॅटरी शंभर झाल्याशिवाय निघायचं नाही. प्रवास शनिवारवर ढकलला. बायको म्हणाली, मी उद्या सातला निघतेय, यायचं तर ये. मग माझी बॅग गाडीतून काढून पलंगावर आणून ठेवली. रागावली आहे, उतरेल.

२४ मार्च, सकाळी ६.४५
जागा आहे, पण उठणार नाही. माझ्याशिवाय ती कशाला जाईल? दिशा कोण सांगणार?

७.००
मेहुण्याचा आवाज. टपावर खुडबूड. लक्ष द्यायचं नाही.

७.१०
गाडी सुरू झाली. नुसती धमकी.

७.२५
गेली. तिच्या धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन. अंगणात खुर्चीवर डिश ठेवली आहे, स्क्रू पिशवीत घालून.

२५ मार्च
घर खायला उठलंय. सवयीने दोन कप चहा केला आणि दोन्ही मीच प्यायलो. वाईट वाटतंय. तिने थांबायला हवं होतं असं दिवसभर घोकलं. पण ती थांबली असती तर शनिवारीही मी काहीतरी काढलंच असतं. हे वाक्य नंतर खोडायचं आहे.

२६ मार्च, दुपारी
फोन आला. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत बॅटरी फुल. फ्रिज चालतो, पंखा चालतो, मेव्हणीचा मिक्सरसुद्धा. म्हटलं, बघ, पॅनेलची निवड कोणाची! ती खूप हसली. मग म्हणाली, समुद्र छान आहे, पण शेजारी कुरकुरायला कोणी नाही. उद्या सकाळची बस आहे, येतोस का. म्हटलं, बसचे दोन-तीन पर्याय तपासून कळवतो. ठेवू फोन, ती म्हणाली. येतो, म्हटलं.

संध्या. ५
तिकीट काढलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, सीट कुठल्या बाजूची हवी. सावलीची द्या, म्हटलं.