तुरुंगाच्या चित्राची राखण

४ फेब्रुवारी, बुध.
मॅडमचा मुंबईहून फोन. बंगल्याच्या पॅसेजमधलं रेघारेघांचं चित्र इटलीचं निघालं, अडीचशे वर्षांपूर्वीचं. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं रेघा कोरून मग कागदावर छापलेलं, असं कुणा जाणकारानं सांगितलंय. सात वर्षं मी त्यावरची कोळिष्टकं काढतेय, तेव्हा कुणी विचारलं नाही. आता हुकूम, "शोभा, चित्र सोडून कुठंही जायचं नाही." रोज सहाला व्हिडिओ कॉलवर दाखवायचं.

६ फेब्रु.
आज नीट बघितलं. तुरुंग. म्हातारा संत साखळदंडात, देवदूत त्याला उठवतोय, पहारेकरी घोरतायत. त्याला निदान न्यायला कुणी आलं. मला राखणीला ठेवलंय की कोंडून, कळत नाही. धसईचा आठवडी बाजार चुकला, भाजी संपली. डाळभात.

९ फेब्रु.
आसनगावहून भावाचा फोन. रविवारी बारसं. नऊ वर्षांनी पाळणा हलला त्यांच्याकडं, आणि मी एकुलती आत्या.
"तू नाय आलीस तर नाव कोण ठेवील गो?"
मॅडमकडं रजा मागितली. "पुढच्या महिन्यात बघू." पोर काय महिनाभर बिननावाचं राहील? फार रडले. नोकरी गेली तर ही खोलीही जाते. नवरा गेल्यापासून हेच घर.

१३ फेब्रु.
वहिनी म्हणते, शेजारणीला आत्या म्हणून उभी करू. मी जिवंत असताना. रागानं जेवले नाही.

१५ फेब्रु., रवि.
चित्र सोडून जायचं नाही ना? नाय सोडलं. गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. धसई, मुरबाड, आसनगाव.
कंडक्टर, "मावशी, फोटो कोणाचा?"
"पाहुण्यांचा."
बाळाच्या कानात कुर्रर केलं, नाव सांगितलं. बायांचे धपाटे पाठीत खाल्ले. किती दिवसांनी हसले.
सहाला मॅडमचा फोन. चित्र भावाच्या गुलाबी भिंतीला टेकवून दाखवलं. तेवढ्यात बाळ रडलं.
"शोभा, तिकडं बाळ कुणाचं?"
खोटं जिभेवर आलं होतं. खरं सांगितलं, सगळं. त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"
"सम्यक."
फोन बंद झाला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, माहीत नाही.

१६ फेब्रु.
पहिल्या एसटीनं परत. चित्र खिळ्याला लावलं. काचेवर ओरखडा नाही. पेटी भरायला काढली, कपडे परत मांडणीवर ठेवले. दिवसभर फोन नाही. सहाला पाच कमी आहेत. चित्रासमोर फोन घेऊन बसलेय.