टपावरची होडी

मंगळ. १२ मे

सूनबाईची होडी आली. सतरा फूट. आमची खोली दहा बाय बारा. संपला विषय.

प्रज्ञाच्या क्लबच्या शेडचं छप्पर काढलंय. म्हणून ज्याची होडी त्याने आपापल्या घरी ठेवायची. घरी! या लोकांना घर म्हणजे काय वाटतं कोण जाणे. सिद्धूने आपल्या टुरिस्ट गाडीच्या कॅरियरवर बांधून आणली. तोंड पुढे बाहेर, शेपूट मागे बाहेर. भोईवाड्याच्या नाक्यावर पोरं टाळ्या वाजवत होती. माझा पोरगा आत मान खाली घालून स्टेअरिंग धरून. बायको होडी चालवते याची लाज नाही, टाळ्यांची लाज.

जिन्याने वर न्यायचा प्रयत्न केला. मी पुढे, सिद्धू मागे, मधे प्र. "आई हळू, आई हळू." पहिल्याच वळणाला अडकली. ना वर ना खाली. वरचे वर राहिले, खालचे खाली. परब सेक्रेटरी बाहेर आला, "जिन्यात होडी आणायची नाही असा नियम आहे." मी बोलले, दाखवा कुठे लिहिलाय. "आता लिहितो."

परत टपावर. गाडी चौकात, नळाच्या बाजूला. नायलॉनची दोरी, चार वेढे. वल्हं तेवढं खोलीत घेतलं.

रविवारी प्र. ची निवड. बाळंतपणानंतर पहिल्यांदा उतरतेय. संघात आली नाही तर क्लब ही होडी दुसऱ्या पोरीला देणार. आणि त्याआधीच होडी चोरीला गेली तर निवडही नाही, काहीच नाही. दुसरी होडी चालत नाही म्हणते, हिच्यातच तोल बसलाय. शनिवारी सकाळी निघायचं. म्हणजे चार रात्री काढायच्या.

बुध. १३ मे

रात्रभर खिडकीत बसले. दादरला भाजी लावली ती अर्धी झोपेत. एका बाईने मेथी मागितली तर शेपू दिली. तिनेही बघितलं नाही. फोनवर होती.

दुपारी घरी आले तर गाडीभोवती जत्रा. जो येतो तो विचारतो, केवढ्याची? प्र. ने खरी किंमत सांगून टाकली. या पोरीला खोटं बोलायला मी कधी शिकवणार.

मंडईतून गोणपाट आणलं, दाभण घेतलं, सुतळी घेतली आणि बसले शिवायला. तीन तास. सगळी होडी गोणपाटात गुंडाळली, एक बोट दिसत नाही. आता बघा म्हटलं काय बघायचं ते. वरच्या गॅलरीतून रेडकर वहिनी, "विमल गो, ह्या मडा कोणाचा?" मालवणी जीभ, हाड नाही तिला. तीन माणसं जाता जाता खरंच हात जोडून गेली.

वरच्या टाकीची मोटर जळली. वर्षातून चार वेळा जळते. आता खोलीत पाणी नाही, पहाटे चारला खाली नळावर रांग. परबला विचारलं. "माणूस सांगितलाय." तो माणूस जन्माला आलाय का ते पण विचारायला पाहिजे होतं.

गुरु. १४ मे

आले होते. मेल्यांनी दोरी कापली.

खिडकीत मधेच डोळा लागला होता, पावणेचारला पाण्याला उतरले तेव्हा दिसलं. गोणपाट ब्लेडने उभं फाडलेलं. चारातल्या दोन दोऱ्या कापलेल्या. होडीचं तोंड वीतभर बाजूला. कोणीतरी पाण्याला लवकर उठलं असणार, म्हणून पळाले. होडीला ओरखडा नाही. प्र. खाली आली, बॅटरी धरून सगळीकडून हात फिरवला, आमच्या नातीला, चिमीला ताप आला की फिरवते तसा. रडली नाही. रडली असती तर मी ओरडले तरी असते.

चौकीवर गेले. हवालदार हसला. "मावशी, होडी चोरून चोर काय परळात वल्हवणार?"
मी बोलले, "ते त्याला पकडून विचारा."
"रात्री राऊंडला येईल कोणीतरी."
येईल. मोटरवाल्या माणसाबरोबर येईल.

चहावाल्याने सांगितलं ते ऐकून डोकं धरलं. नाक्यावर कालपासून एकच गोष्ट, विमलमावशीकडे गोणपाटात शिवून कायतरी बाहेरदेशातलं आलंय. म्हणजे झाकून मीच चोराला बोलावलं. मला, भाजीवालीला, हे कळू नये? टोपलीवर ओलं फडकं टाकलं की गिऱ्हाईक पहिलं तेच उचलतं. तीस वर्षं बघते आणि घरच्या वेळी विसरले.

सगळं उसवलं, कापलेल्या दोन दोऱ्या नव्या बांधल्या. उघडी राहू दे. पोरांना बोलले, हात लावा, बघा, घरी जाऊन सांगा, नुसती होडी आहे.

पण आजची रात्र आहे, उद्याची आहे. सिद्धू मित्राच्या गाडीवर रात्रपाळीला. मी दोन रात्री जागून उभ्या उभ्या पेंगतेय. कुलपाची साखळी लावायची तर होडीला कडी नाही, कुठून ओवणार.

मग संध्याकाळी नळावर भांडण लागलं. रेडकर वहिनी कमरेवर हात ठेवून, "रात्री माझो हंडो कोणी सारलो?" रात्रीच रिकामे हंडे रांगेत ठेवतात ना, नंबर लागतो. कोणीतरी तिचा हंडा वीतभर मागे सरकवला. वहिनी दुसऱ्या मजल्यावर, दार बंद, पंखा चालू, आणि झोपेतून उठून बसली होती. मी तोंडाकडे बघतच राहिले. बाजूला गाडीवर ब्लेड चालत होतं ते हिला ऐकू आलं नाही. हंडा हलला ते ऐकू आलं.

तिथेच सुचलं. रांग भिंतीला नको. गाडीभोवती लावायची.

परब बोलला, "रांग भिंतीलाच. चाळ झाल्यापासून." बायका पण कुरकुरायला लागल्या. गोल लावली तर पहिली कोण, शेवटची कोण? खरं होतं त्यांचं. मग मी बोलले, माझा पहिला नंबर मी सोडते. मोटर जळली की पहिला नंबर माझा, हे सगळ्यांनी मानलंय, मला दादरला जायचं असतं म्हणून. तो सोडते. आजपासून मी शेवटी.

रेडकर वहिनी पुढे सरली.

रे. व. - "पैलो माका?"
"घ्या."
"मगे लावा गोल."

प्र. बोलली, आई, तुम्हाला मालाला उशीर होईल, चांगला माल उचललेला असेल. मी बोलले, उशीर होऊ दे, पिवळी कोथिंबीर विकते उद्या, तू जाऊन झोप.

एक्केचाळीस हंडे. मी उभी राहून लावून घेतले. प्लास्टिकचे मागे भिंतीकडे, ते वाजत नाहीत. स्टील आणि जर्मन पुढे. झाकणं सैल. पाय ठेवायला जागा नाही ठेवली. मांजराने पण विचार करावा.

शुक्र. १५ मे

आले! आले मेले!

सगळं नीट लिहिणार. दोन वाजून गेले होते. मी खिडकीत बसल्या बसल्या झोपले होते, खोटं कशाला. एकदम आवाज. एक हंडा पडला, त्याने दुसरा पाडला, मग सगळे. बँडवाले वाजवत वाजवत जिन्यावरून गडगडले तर कसं होईल तसं. झाकणं तर गेटपर्यंत घरंगळत गेली.

आणि चाळ उठली. तीन मजले दिवे. पण एक बाई चोर म्हणून ओरडली असेल तर शपथ. सगळ्यांचं एकच, माझा हंडा! माझा हंडा!

दोघं होते, शिडी घेऊन. तिसरा गेटवर टेम्पोत. एकाने उडी मारली ती कळशीत पाय. कळशीसकट पळाला. टेम्पो सुटला. दुसऱ्याला रे. व. ने धरलं. गाऊनवर, केस मोकळे, त्याची कॉलर हातात. "माझो पैलो नंबर खंय गेलो ता सांग आदी!"
"मावशी, मला काय माहीत, मी इथला नाही."
"इथलो नाय तर हंड्याक हात कित्याक लावलंस?"
तो रडायला आला. मला वाटतं पोलीस आले तेव्हा त्याला बरंच वाटलं.

हवालदार तोच. "काय गेलं मावशी?"
"काही नाही."
"मग तक्रार कशाची?"
"काही गेलं नाही त्याची! लिहा!"
लिहिलं. खाली मान घालून लिहिलं. सही मी ठसठशीत केली, आख्खं नाव.

पकडलेल्याने सांगितलं, आधी वाटलं मशीन आहे. फाडून बघितलं तर होडी. मग टेम्पोवाला बोलला, होडी तर होडी, मंडपवाल्याला देऊ, लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीला बसवायला चालेल. प्र. हे ऐकून हसायलाच लागली. आठवड्यात पहिल्यांदा. "आई, हिच्यात बसले तर वरमाला घालायच्या आधी उलटे होतील."

होडी जागच्या जागी. दोऱ्या चारच्या चार.

पुढे गंमत. चोरांची शिडी राहिली. चांगली ॲल्युमिनियमची, घडीची. परब सकाळीच तिच्यावर सोसायटीचं नाव घालायला रंगाचा डबा घेऊन आला. "टाकी बघायला बरी." पोलीस पुरावा म्हणून घेऊन गेले. दिवसभर तोंड पाडून बसलाय.

हंडे सगळे पडले म्हणून नंबर कोणाचा कुठला कोणालाच माहीत नाही. चार वाजता ते भांडण. रे. व. चा हंडा चेपलाय, दाखवत फिरतेय, पण ठोकून आणायला देत नाही. ज्याला त्याला बोलते, चोरान चेपलो.

दादरला आठला पोचले. जाग्यावर दुसरीच बाई बसलेली. उठवली.

शनि. १६ मे

काल रात्री पण हंडे गोल. न सांगता लावले बायकांनी. कोणी आलं नाही. येतील कसे.

सहाला निघालो. मी पण. धंदा दोन दिवस बंद, चिमीला रे. व. कडे ठेवलं. सिद्धूला सांगितलं, पन्नासच्या वर काटा गेला तर मी उतरून चालत येईन. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी उतरले नाही. गाडीत बसून वर बघत राहिले. सवय लागली.

रवि. १७ मे

धरणाचं पाणी. ऊन. चाळीस-पन्नास पोरी, सगळ्यांचे खांदे हमालासारखे.

मला वाटायचं बसून वल्हवतात. नाही. एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे, आणि एकाच बाजूला वल्हं. तशी उभ्यागत राहते पोरगी त्या हातभर रुंद होडीत. मला अर्धं मिनिट बघूनच चक्कर. घरी तिच्या गुडघ्याचा घट्टा बघून मी बोलायचे, लादी पुसत नाहीस तर घट्टा कुठून आला. मूर्ख बाई मी.

दोनशे मीटर. एक मिनिट पण नाही. त्यासाठी हे सगळं! अर्ध्यात ती पाचवी होती. मग काय झालं ते मला नीट दिसलं नाही, पुढचा माणूस उंच होता, त्याला ढकलला. तिसरी! चौघी घेतल्या, त्यात तिसरी. लाउडस्पीकरवर नाव आलं, आमच्या आडनावासकट. मी काय ओरडले आठवत नाही. घसा बसलाय. उद्या भाजी मुक्याने विकायची.

क्लबचे सर आले. "होडी घरी ठेवायला काही त्रास झाला नाही ना?"
मी बोलले, छे.

प्र. पाण्यातून आली, वल्हं माझ्या हातात दिलं, "दोन मिनिटं धरा आई." आणि गेली सही करायला, फोटो काढायला. दोन तास धरून उभी होते. कोणी मागितलं तरी दिलं नाही.

सोम. १८ मे

होडी परत टपावर, गाडी परत चौकात. शेड पावसाआधी होत नाही म्हणतात. संघाचं शिबिर पुढच्या महिन्यात. म्हणजे आता चार रात्री नाहीत. किती ते सरांना पण माहीत नाही.

टेम्पोवाला सापडला नाही. कळशीवाला पण नाही. त्यांना पत्ता पाठ आहे.

आणि आज दुपारी मोटर नीट झाली. तो माणूस खरंच होता. खोलीखोलीत पाणी. बायका खूश, पोरांना आंघोळी, सगळीकडे धुणं. खाली नळावर चिटपाखरू नाही. गाडीभोवती मोकळं मैदान.

रे. व. कडे गेले. वहिनी, हंडा? "भरून ठेवलंय गो. आता रिकामो कित्याक करू?" बरोबर आहे तिचं. ज्या हंड्याला नंबर नाही त्याच्यासाठी कोण उठणार.

परबला बोलले, रात्रीचं पाणी बंद ठेवा, खाली नळावर द्या. माझ्याकडे असा बघितला जसं काय मला वेड लागलंय. आठ वाजता कमिटी बसतेय. मी जाणार. घसा नाही तर प्र. बोलेल, तिला सांगितलंय, आता संघातली आहेस, आवाज चढवून बोल.

नाही ऐकलं तर मोटरच्या खोलीची चावी परबच्या दारामागे खिळ्याला असते. पिवळी दोरी.

मी काही करणार नाही. आधी तोंडाने विचारते.