फेस्ताच्या दिवशी ऐकलेला आवाज

निपाणी,
सोमवार, २८ एप्रिल २०२५

प्रिय फादर विक्रम यांस,
इनासअण्णाचा जय ख्रिस्त.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे? मार्चमध्ये मी आलतो तेव्हा झग्याची बाही तुमच्या मनगटावर लोंबत होती, ती डोळ्यांपुढून जात नाही. तिथल्या सिस्टरना म्हणावं, भाजीत थोडं तेल घाला. त्या दिवशी मी जेवलो ना तिथं. उपवासकाळ चाळीस दिवसांचा असतो, त्या बारा महिने पाळतात असं दिसतं.

तुमच्या त्या प्रार्थनागृहात फोन घेत नाहीत, म्हणून पत्र भरमाच्या हाती पाठवतोय. वीस वर्षं गॅरेजमध्ये माझ्याबरोबर आहे, पण आत काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही. तो बाहेर झाडाखाली थांबेल. त्याला चहा द्या. निरोप द्यायचा असला तर द्या, नसला तरी चालेल.

चर्चची खबर म्हणाल तर ईस्टरला गर्दी बरी होती. नवे फादर वयस्कर आहेत, सात मिनिटांत उपदेश संपवतात, लोक खुश. गाण्याची मात्र दैना आहे. पास्कूमास्तर गेल्यापासून सूर धरणारं कोणी उरलं नाही. बायका एका पट्टीत, बापे दुसऱ्या पट्टीत, आणि पेटीवाला तिसरीकडेच. मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसतो. लोकांना वाटतं, अण्णा लई भक्तीत आहेत.

माझ्या कानांचं कौतुक तुम्हीच फार केलंत. हायवेवरून ट्रक गेला की मी भरमाला सांगायचो, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, कोगनोळीच्या नाक्यापर्यंत जातोय का बघ. एकदा तुम्ही उपदेशातसुद्धा म्हणालात, देवाच्या खालोखाल इनासअण्णांना ऐकू येतं. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन बायकोला तीनदा सांगितलं. खानापूरकडच्या खेड्यातून चौदाव्या वर्षी येऊन डिझेलच्या डब्यात नटबोल्ट धूत बसलेला माणूस मी. शाळेनं दिलं नाही ते या कानांनी दिलं.

इतकं लिहून उठलो, गॅरेजमध्ये एक फेरी मारून आलो. काही काम नव्हतं तिथं.

शुक्रवारी तुमची कोर्टाची तारीख आहे. त्या दिवशी तुम्ही गुन्हा कबूल करणार, हे तुम्हीच मला मार्चमध्ये सांगितलंत. तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "अण्णा, सुरुवातीला मी म्हणत होतो की स्टिअरिंग फिरवलं पण चाक वळलं नाही. पण तुम्ही जबानीत सांगितलंत, गाडीत दोष नव्हता. तुमच्या कानाला काही लागलं नाही, म्हणजे गाडीत काही नव्हतंच. मलाच डुलकी लागली असणार. आता हा क्रूस मी उचलतो, मला त्यात शांतीसुद्धा मिळायला लागलीय."

मी तेव्हा काय बोललो? "देवाची मर्जी, फादर." असं बोललो, तुमच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली आणि निघून आलो.

फादर, त्या दिवशी मी तुम्हाला भेटायला आलोच नव्हतो. कुमसार करायला, पापांची कबुली द्यायला आलतो. आणि तेही का, ते ऐका. कुमसाराच्या जाळीआड जे ऐकता ते तुम्हाला मरेपर्यंत कुणाला सांगता येत नाही. मी हिशेबी माणूस. म्हटलं, यांच्याच कानात टाकू. माझं ओझं उतरेल, माफी मिळेल, आणि ज्या एका माणसाला ते बोलायचा हक्क आहे त्याचंच तोंड बंद होईल. रांगेत माझ्यापुढे दोनच माणसं होती. तुम्ही मला बघून जाळीमागून उठून बाहेर आलात. "अण्णा, एवढ्या लांब माझ्यासाठी आलासा?" म्हणालात. मग माझ्यानं रांगेत उभं राहवलं नाही. लाज वाटून नव्हे. तुम्ही माझा हात धरला होतात म्हणून.

तर हे कुमसार नाही. हे कागदावर लिहिलेलं साधं पत्र आहे. ते तुम्ही वकिलाला दाखवा, बिशपांना दाखवा, चर्चच्या दारावर लावा.

आठ डिसेंबर, रविवार, आपलं फेस्त, चर्चचा वर्षाचा सण. या खेपेचा यजमान मी. मांडव माझा, बँड माझा, पांढरा शर्ट नवा. मिस्सेची प्रार्थना झाल्यावर गाड्यांना आशीर्वाद द्यायचा म्हणून मैदानात रांग लागली होती. मोटारसायकली, रिक्षा, ऊस ओढायचे ट्रॅक्टरसुद्धा. सगळ्यांत पुढे चर्चची जीप लावायची होती. ती तुम्ही स्वतः आणलीत. वळण घेताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलंत, आणि पुढच्या डाव्या चाकातून "कट्ट" असा आवाज आला. रांगेत सरळ करताना पुन्हा एकदा आला.

तो बॉल जॉइंटचा आवाज. स्टिअरिंग आणि चाक ज्या लोखंडी गोळीनं जोडलेलं असतं, तिची वाटी झिजली की तसा येतो. त्यासाठी मला विचार करावा लागत नाही. तुम्हाला ताप चढला की कळतं ना, तसं.

मी हात वर केला होता. आठवतं? तुम्ही काच खाली घेऊन विचारलंत, "काय अण्णा?"

मी म्हटलं, "काय न्हाय. आणिक थोडी फुडं घ्या."

आठच दिवस आधी ती जीप मी तपासून दिली होती. एक पैसा न घेता. तुम्ही वेदीवरून माझं नाव घेऊन आभार मानले होते. आणि आता सगळ्या गावासमोर मी कसं म्हणू, की फादर, ही गाडी बाजूला घ्या, माझ्याकडून एक बघायचं राहिलं? बँड वाजत होता. मागे साठ गाड्या उभ्या होत्या. तुम्ही पवित्र पाणी शिंपडलंत, थेंब बोनेटवर पडले, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वाटलं, चला, आता ती देवाच्या हवाली.

सोमवारी मांडव उतरवला. मंगळवारी विसरलो, असं मी या पत्राच्या पहिल्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद फाडून टाकला. मंगळवारी मला चांगलं आठवत होतं. आशीर्वाद झालेली गाडी आहे, चार दिवसांत काय होतंय, असं मनात म्हणालो आणि दुसऱ्या कामाला लागलो. तीस वर्षं हजारो ड्रायव्हरांना मी सांगत आलो, की हार घातल्यानं ब्रेक लागत नाही. आणि मीच असा वागलो.

बुधवारी तुम्ही आणि पास्कूमास्तर बेळगावला दवाखान्यात आपल्या एका आजारी बाईला कम्युनियन देऊन परत येत होता. तवंदी घाटात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जीप डाव्या अंगानं कठड्यावर गेली, आणि डाव्या अंगाला मास्तर बसले होते.

क्रेन घेऊन पहिला मी पोचलो. तुम्ही रस्त्याकडेला बसून मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, प्रार्थना म्हणत होता. मी तुमच्याकडे आलो नाही. मी आधी चाकाखाली वाकलो. जॉइंट निखळला होता. धडकेनं तुटलेलं लोखंड आतून चकचकीत असतं. हे काळं होतं, गंज धरलेलं, बऱ्याच दिवसांचं झिजलेलं. ते मी खिशात घातलं. फादर, मास्तर अजून श्वास घेत होते. मी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले, त्यांना तिथं जॉइंटच दिसला नाही. धडकेत तुटून दरीत गेला असावा, असं त्यांनी लिहिलं. मग पोलिसांनी मला विचारलं, मी जबानी दिली, की गाडी फेस्ताच्या आठ दिवस आधी तपासली, दोष नव्हता. सही केली. हवालदार म्हणाला, "इनासअण्णा म्हणतो म्हणजे विषयच संपला." त्यानंतर गावात सुरू झालं, की फादर मोबाईलवर बोलत होते, फादर झोपले होते, फादर जोरात चालवतात. चहाच्या टपरीवर, चर्चच्या पायऱ्यांवर. हे कान आहेत ना, एक शब्द सुटला नाही. मी कुणाला गप्प केलं नाही.

मयताच्या दिवशी जो तो म्हणत होता, देवाची इच्छा. मीही दहाजणांना म्हणालो असेन. मोठा आडोसा आहे तो. त्याच्यामागे माझ्याएवढा जाड माणूससुद्धा दिसत नाही.

काल बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "कोर्टाच्या आदी जयवंताकडं जावा. तिला दुसऱ्याकडनं कळाय नगं."

आज सकाळी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या बायको जयवंताबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून पाट सरकवला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "अण्णा, फादरना निरोप धाडा. त्यांनी जिवाला लावून घेऊ नये. मी त्यास्नी माफ केलंय. तीन महिने रोज जपमाळ करत हुते तवा कुठं जमलं. मला वाटतंय, देवानं मला हेच शिकवायला एवढं दिलं असंल."

तेव्हा माझ्या मनात आलं, गप्प बस इनास. या बाईनं एवढ्या कष्टानं उभी केलेली भिंत तू कशाला पाडतोस? तुम्ही तिकडं शांत, ही इकडं शांत, माझं तोंड बंद. कुणाचं काय बिघडतंय? आतापर्यंत माझ्या मनात आलेला सगळ्यांत गोड विचार तो, आणि सगळ्यांत वाईटही.

मी सांगितलं. आवाजाचं, जॉइंटचं, जबानीचं. त्यांचा हात थांबला नाही. शेंगा निवडत राहिल्या.

मग विचारलं, "फेस्ताच्या दिवशी ऐकू आलतं?"

"व्हय."

"त्या दिवशी तुमी बँडापुढं नाचलासा."

"व्हय."

"ह्यांनीच तुमच्या गळ्यात हार घातलता." मास्तरांनी घातला होता, खरं आहे.

 पंख्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "तीन महिने घालून मी त्या माणसाला माफ केलं. आता ती माफी मी कुठं ठेवू? सांगा की. त्यानं तर काय केलंच न्हाय."

 मी उठलो, तेव्हा म्हणाल्या, "तुमास्नी माफ करणं आत्ता व्हणार न्हाय. विचारू बी नका. कदी जमलं तर मी सांगीन, न्हाय जमलं तर न्हाय." आणि मी उंबऱ्याबाहेर पाय टाकल्यावर, "शुक्रवारी कोर्टात मी येणार हाय. तुमी काय बोलतासा ते मला माझ्या कानानं ऐकायचंय."

फादर, दुःखाला अर्थ असतो असं तुम्ही आम्हाला सांगायचात. असेल. मला तेवढं कळत नाही. पण तुम्ही जे उचललंय ते देवानं दिलेलं नाही, मी दिलंय. ते देवाच्या नावावर घेऊ नका. आजाऱ्याला प्रसाद देऊन तुम्ही जागे, शुद्धीत परत येत होता. हात स्टिअरिंगवर होते. तुम्ही वळवलंत, गाडी वळली नाही. पहिल्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत तेच खरं होतं, आणि माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणून तुम्ही स्वतःवरचा सोडलात.

आज दुपारी मी पोलीस ठाण्यात जातोय. माझा वकील म्हणाला, "कुणी विचारलेलं नाही, कशाला उकरून काढता?" मी त्याला जॉइंट दाखवला. त्यानं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. खोटी जबानी, पुरावा लपवणं, सगळं लागेल असं म्हणतो. लागू दे. गॅरेज भरमा बघेल, त्याचे कान माझ्याएवढे नाहीत पण तो हात वर केला की बोलतो.

तुमच्याकडे एकच मागणं. माफी नाही. जयवंताबाईंनी ती मागायला बंदी केलीय, आणि त्यांच्या आधी तुमच्याकडून घ्यायची मला हिंमत नाही. शुक्रवारी न्यायाधीश विचारतील तेव्हा कबूल आहे असं म्हणू नका. मी येईपर्यंत थांबा. मी लवकर येईन, पहिल्या बाकावर बसेन.

तुमच्या नावावर पाच महिने जगलेला,
इनास बस्त्याव सोज
(जबानी बदलणारा साक्षीदार)