आजोबांनी उकरलेल्या विटा

त्रुहियो, ४ मे १९९४

चि. फाउस्तिनो यास,
ओदिलियाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईने पाठवलेला भाजलेला मका पोचला. अर्धा कार्यालयातल्यांनीच फस्त केला.

उत्खननाच्या अहवालात मला एकच गोष्ट ठरवायची आहे. आपल्या वाकेवर, म्हणजे त्या कच्च्या विटांच्या टेकडीवर, राहणारा प्राचीन मोचे लोकांचा राजा स्वतंत्र होता, की दक्षिणेच्या खोऱ्यातल्या राजाने नेमलेला अंमलदार? आमचे उत्खननप्रमुख डॉक्टरसाहेब म्हणतात, अंमलदार. सगळा किनारा एकाच राजाचा होता, हे सांगण्यात त्यांची हयात गेली. मला ते पटत नाही. भांड्यांचे साचे इथलेच निघाले. वाकेच्या वरच्या, म्हणजे शेवटच्या बांधकामात प्रत्येक कच्च्या विटेवर ती पाडणाऱ्या वस्तीची खूण आहे. त्याच खुणा अगदी तळाच्या विटांवरही असतील, तर त्याच वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच धन्यासाठी राबल्या, बाहेरून येऊन कुणी नवी घडी बसवली नाही, असं म्हणता येईल.

पण तळाच्या विटा तळाशी नाहीत. आजोबांनी त्या उकरून आपलं घर बांधलं. वर्तुळ आणि त्याखाली दोन बोटं: लहानपणी चुलीपाशी बसून मी ती खूण गिरवत असे, आणि तीच आता वरच्या विटांवरही सापडली.

आता अडचण ऐक. राजाची गादी ठरली तर सरकारी कुंपण टेकडीखालच्या घरांपर्यंत येईल आणि आपल्याला उठावं लागेल. नुसतं ठाणं ठरलं तर कुंपण वाकेपुरतं. आईला इतक्यात सांगू नकोस.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई

पाम्पा चिका, १३ मे

ती. ओदिलियाताईस,
फाउस्तिनोचा सा. न. वि. वि.

शेळी व्याली. आईचा गुडघा तसाच आहे, तोंडही तसंच.

ताई, तुझा राजा दीड हजार वर्षं निवांत झोपलाय. त्याला घर नकोय, आईला हवंय. अंमलदार लिहून मोकळी हो. मेलेला माणूस बढती मागायला येतो का?

मी माझ्यापुरता बंदोबस्त केला. चुलीमागची भिंत मातीने लिंपून टाकली. पण चूक झाली. हल्ली चॅपेलच्या आवाराची भिंत चालू आहे. प्रत्येक घराने आपापल्या विटांवर आपली खूण करायची, म्हणजे कुणाला अंग चोरता येत नाही. त्या सवयीने ओल्या लिंपणावरही माझा हात चालला आणि आपली खूण उठली. वर्तुळ, खाली दोन बोटं. आजोबांनी ती त्या विटांवरूनच उचलली होती, हे मला नंतर सुचलं. संध्याकाळी कुंपणासाठी सरकारी मोजणीवाला आला तर ती समोरच. हे काय, म्हणून त्याने विचारलं.  आई त्याला मक्याची चिचा ओतता ओतता म्हणाली, आमच्या घरची आहे, सासऱ्यांपासून चालत आलेली. तो हसला, चिचा प्यायला आणि गेला.

रागावू नकोस, माया तशीच राहू दे.
फाउस्तिनो

त्रुहियो, २१ मे

चि. फाउस्तिनो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अंमलदार लिहिलं. डॉक्टरसाहेबांनी ते वाक्य चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं, शाबासकी दिली. महिनाअखेर छापायला जाईल.

तेव्हापासून मी त्या वाक्यात कोंडल्यासारखी आहे. तुमच्यासाठी लिहिलं, असं स्वतःला सांगते. मग वाटतं, साहेबांशी भांडायचं टळलं हेही मला हवंच होतं का? घराचा तर मी आडोसा केला नाही ना? कुठल्याही बाजूने विचार केला तरी शेवटी भिंतच लागते.

आईला नमस्कार सांग. आठवण ठेव.
ताई

पाम्पा चिका, २७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू काय लिहिलंस ते आईने खोदून खोदून विचारलं. शेवटी सांगितलं. मग, आपण कुणाचे ताबेदार होतो म्हणे, हे तिचं सुरू झालं. दक्षिणेकडचं कोण आलं होतं इथे चिखल तुडवायला? आमच्या भिंतीत परक्याची वीट कधी बसली नाही, म्हणाली. आणि मासे खरवडायची सुरी घेऊन लिंपण काढायला बसली. मी सकाळी लिंपतो, ती दुपारी खरवडते.

घर जाईल, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ऐकू येतंय म्हणाली, आणि मला चुलीत लाकूड सारायला लावलं. मी दोघींच्या मधे सापडलोय. तू येऊन तिला समजाव.

लवकर ये, एवढीच कृपा कर.
फाउस्तिनो

त्रुहियो, ३० मे

चि. फाउस्तिनो यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अहवाल छापायला जाण्याआधी परत मागितला. ते वाक्य खोडून खरं लिहिलं, भिंतीसकट. डॉक्टरसाहेबांनी आपलं नाव काढून घेतलं आणि बोलणं सोडलं. आईचं ते खरवडणं हा सगळं कळून दिलेला होकार होता, की मला सोयीचं म्हणून मी तो होकार मानला, हे मला अजून ठरवता येत नाही. माझ्या दोन खोल्या तुमच्याच आहेत. आई येणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

शनिवारी कॅमेरा घेऊन येते. तोवर भिंतीला हात लावू नकोस, आईलाही लावू देऊ नकोस. भिंत आपलीच आहे हे मी सिद्ध केलं, म्हणून आता ती आपली राहिली नाही.

जमलं तर लोभ असू दे.
ताई