ताईच्या परसातली खाजकुइली

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कुरकुरतात हे वाचलं. माझ्या कारखान्यात बिजागरी कुरकुरली तर मी बदलतो. तुझ्यापुढे इलाज चालत नाही.

आता तक्रार. तुझ्या बंद घराच्या परसात खाजकुइली माजली आहे. शेंगा वाळल्या, वारा सुटला की त्यांची कुसं भिंतीपलीकडे शिंपीणबाईंच्या दोरीवर जातात. कापड आटू नये म्हणून त्या आधी भिजवून वाळत घालतात. त्याच कापडाचे गणवेश शाळेत गेले आणि बत्तीस पोरं गणित सोडून खाजवत बसली! मुख्याध्यापिका चिडल्यात. शाळेचं काम गेलं तर बाईंचं घर कसं चालायचं? दोन मुली शिकताहेत. त्यांचं शिलाई मशीन मला कारखान्यात बसून ऐकू येतं. हल्ली ते दुपारभर गप्प असतं.

तू भाच्याकडे राहायला जाताना बजावलं होतंस, भावोजींनी लावलेल्या जाईपाशी मला विचारल्याशिवाय कुणी काही उपटायचं नाही. म्हणून विचारतो. जाई छान आहे, पण खाजकुइली तिच्यातच गुंतली आहे. काढू का?

भाच्याला आणि सूनबाईंना आशीर्वाद. माया असू दे.

तुझा,
धाकटा


१४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काढू नकोस. तुझी माणसं लोखंड कापणारी, ती ह्यांची जाई मुळासकट ओढतील. उन्हाळ्यात मी येतेच आहे, तेव्हा माझ्यासमोर काय ते कर. तोवर शिंपीणबाईंना दोरी पुढच्या बाजूला बांधायला सांग. एवढा मोठा कारखानदार झालास, तुला एक दोरी हलवता येत नाही का?

सुनेला म्हटलं, या उन्हाळ्यात मला पोचवा. ती म्हणाली, बघू. या घरात ‘बघू’ला किती वजन असतं ते आता मला कळायला लागलंय.

तब्येतीला जप. आठवण ठेवतोस तशी ठेव.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोरी हलवली. पुढे रस्त्याची धूळ बसते, कापड दोनदा धुवावं लागतं. त्यात शाळेने कळवलंय, आणखी एक तक्रार आली की काम दुसरीकडे. काल शिंपीणबाई कारखान्यात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, भांडायला आले होते, पण आता तेवढंही त्राण नाही. पाणी प्यायल्या आणि गेल्या. ताई, त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून खरं सांगतो. जाई तीन वर्षांपूर्वीच वाळली. फुलं आली, बहरली, असं दर पत्रात लिहीत आलो ते खोटं. लोखंडात मी कधी खोट खपवून घेतली नाही, पण तुला हे खरं लिहायला हात वळायचा नाही. तिथे आता काठीसुद्धा उरलेली नाही. नुसती खाजकुइली आहे.

रागाव, पण ‘काढ’ म्हण.

तुझा अपराधी,
धाकटा


३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जाई गेली हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी भर थंडीत तू लिहिलंस, जाई फुलांनी लगडली आहे. अरे लोखंड्या, जाई पावसाळ्यात फुलते! हसले, मग रडले, आणि उत्तरात लिहिलं की बरं वाटलं.

मीही काही खरं लिहीत नव्हते. डॉक्टरांनी लांबचा प्रवास केव्हाच बंद केलाय. दर वर्षी ‘उन्हाळ्यात येते’ लिहायचं आणि तू ‘ये’ लिहायचास. जाई आहे म्हटलं की घर माझं आहे, आणि घर आहे म्हटलं की मी इथे पाहुणी आहे, असं मनाला सांगत होते. आपल्या या खेळात त्या बाईंची पोटाची भाकर जायला नको.

सगळं काढ. आणि घराची किल्ली शिंपीणबाईंना दे. पुढच्या खोलीत उजेड चांगला येतो, मशीन तिथे मांडायला सांग. कपाटातली ह्यांची छत्री तेवढी तू ठेव.

आता यायचं नाही म्हटल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही, नुसतं दमायला झालंय.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काढली. आधी पाइपने भिजवली, म्हणजे कुसं उडत नाहीत. मग मी आणि माझे दोन वेल्डर जाड हातमोजे, मुखवटे चढवून आत शिरलो. समोरची म्हातारी विचारत होती, आत चोर शिरलाय की काय. एवढं करून तिघंही दोन दिवस खाजवत होतो.

शिंपीणबाईंचं मशीन आता तुझ्या खोलीत चालतं. गणवेशांची नवी खेप शाळेत गेली, तक्रार नाही. सकाळी आवाज सुरू झाला की क्षणभर वाटतं, तूच आत काहीतरी करते आहेस. मग कामाला लागतो.

काल त्यांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, इथे काही लावू का, की आधी ताईंना विचारायचं? मी म्हटलं, विचारायचं नाही. तुम्हाला हवं ते लावा.

माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा