सपाट चमचा

ठाकुर्ली, रविवार

प्रिय मालनवन्सं,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, उत्तमला आमटीत मीठ किती लागतं. मी लगेच सांगून टाकलं: पोह्यांचा चमचा, सपाट, वरून बोट फिरवून. फोन ठेवला आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले. इतक्या वर्षांनी मला ते माप पाठ कसं? आणि तुम्हाला ते लागतंय कशाला?

इथे मी बरी आहे. 'बरी' लिहिताना थांबले, खरंच का ते तपासलं. खरं आहे. दार वाजलं की अजून आधी कडी तपासते, पण उघडलं की समोर घरमालकीण कमळाबाई, हातात कोलंबीची वाटी. त्यांचं माहेर मिठागरातलं. मी राहायला आले तेव्हा माझी आमटी चाखून म्हणाल्या, "अगो, शिजवताना चाखत नाय का तू?" नव्हतेच चाखत. वर्तकनगरच्या घरी उत्तमच्या आधी चव घ्यायची नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जणू देवाचा नैवेद्य. आणि मीठ चुकलं की आधी ताट भिंतीवर, मग मी. कमळाबाई हसल्या नाहीत. पळीतली थोडी आमटी माझ्या तळहातावर ओतली. "चाख. तुझीच जीभ हाय."

अजूनही आमटी कधी खारट होते, कधी अळणी. खारट झाली तर बटाटा टाकते आणि जेवते. एवढंच. तेव्हा डायरीत मी किती पानं भरली, आपलंच काही चुकत असेल का म्हणून. खारट आमटीनंतर फक्त एवढंच व्हायचं असतं, हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

त्या भाऊबीजेला तुम्ही भावाला ओवाळायला आला होतात. ताम्हन बाजूला ठेवून माझी बॅग भरलीत आणि मला रिक्षात बसवलंत. पुढे तुमचे यजमान वारल्यावर तुम्ही उत्तमकडे, त्याच स्वयंपाकघरात, राहायला गेलात, तेव्हा मला वाटलं, बहिणीवर तो हात उचलणार नाही. परवा तुम्ही म्हणालात, डाव्या हातानं फोन धरलाय. उजव्याचं मी विचारलं नाही, कारण मागे टीव्ही मोठ्यानं चालू होता, म्हणजे उत्तम घरात होता. त्या घरात टीव्हीचा आवाज मोठा का होतो, हे मला माहीत आहे.

तुमचा फोन तो बघतो, म्हणून हे पत्र तुमच्या शेजारच्या रमाबाईंच्या हाती देते आहे. वाचून त्यांच्याकडेच ठेवा. कमळाबाईंनी दुसरी गादी काढून दिली आहे. शनिवारी तो कामावर गेला की मी येते. या वेळी बॅग मी भरते.

इथे आलात की आमटी तुम्ही करा. आधी चाखून.

तुमचीच,
रसिका