एका ताऱ्याचा माल

आदरणीय व्याहीबुवा यांस,

नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो. मागच्या फोनवर तुम्ही त्यांच्याबद्दल सांगत होतात आणि मी मध्येच माझ्या पित्ताचा विषय काढला, ते मनाला लागून राहिलं आहे. डावा जास्त दुखतो की उजवा, ते सविस्तर कळवा. विहीणबाईंचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? आलं नसेल तर एका अर्थी बरंच आहे, कारण हे पत्र त्यांच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं. येथे सर्व कुशल आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात काहीही कुशल नाही.

फोन सोडून मी पत्र का लिहितो आहे, असं तुम्ही विचाराल. माझा फोन तुमच्या सूनबाईंनी (म्हणजे माझ्याच मुलीने) कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाशी असं वागावं का, हा प्रश्न मी तुमच्या चिरंजीवांना विचारला. ते आमचे जावई असूनही खाली मान घालून म्हणाले, "बाबा, या वेळी मी तिच्या बाजूने आहे." गेल्या चौदा दिवसांत त्या नवराबायकोचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि ती माझ्याविरुद्ध.

सगळं मूळ आपल्या नातीच्या खेळात आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, भिंगरी आणि तिचे तिघे जोडीदार एका दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून कॉम्प्युटरवरचा खेळ तयार करतात. तो अख्खा एकदम मिळत नाही. आठ-दहा महिन्यांनी एकेक भाग येतो आणि मधल्या काळात लोक पुढे काय होणार यावर डोकी फोडत बसतात. खेळात एक होडीवाली बाई आहे. पहिल्या तीन भागांत ती नाना तऱ्हेच्या माणसांना नदीपलीकडे सोडते. खेळणाऱ्याने वल्हं मारायचं, भोवरे चुकवायचे, उतारूशी दोन शब्द बोलायचे. तिसऱ्याच्या शेवटी तिला चिठ्ठी येते, की मी गुरुवारी येतो, थांब. कोणाची चिठ्ठी ते सांगितलेलं नाही. लोकांनी दहा महिने त्या गुरुवारची वाट पाहिली. आणि चौथ्या भागात काय आहे? तर ती बाई चाळीस मिनिटं काठावर बसून राहते. खेळणाऱ्याला तीनच गोष्टी करता येतात. होडी झाडायची, किटली तापवायची आणि नदीच्या वरच्या अंगाला बघायचं. कोणीही येत नाही. भाग संपतो.

व्याहीबुवा, त्या दिवसापासून जगात दोन पक्ष झाले आहेत. एक वल्हेवाले. त्यांचं म्हणणं, चाळीस मिनिटं झाडूच मारायचा असता तर आमच्या घरी काय कमी केर आहे? दुसरे वाटवाले. ते म्हणतात, ज्यांनी जन्मात कोणाची वाट पाहिली नाही त्यांनी या खेळाच्या वाटेला जाऊच नये. हे भांडण तिकडे पडद्यावरच राहिलं असतं तर मी काळजी केली नसती (केली असती, पण कमी). आमच्याच घरात जावई वल्हेवाले आणि मुलगी वाटवाली. जेवताना ती म्हणते, "काही लोकांना दहा मिनिटं एका जागी बसवत नाही." ते म्हणतात, "काही लोकांचं चाळीस मिनिटांत कुकरसुद्धा होत नाही." मी मध्ये बसलेला असतो आणि मीठ माझ्या हातातून दोन्हीकडे जातं. केस कापायला गेलो तर न्हावी कट्टर वल्हेवाला निघाला. माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून म्हणतो, "आजोबा, ती बाई उठून पलीकडे जाऊन बघत का नाही हो?" मी म्हटलं, अगदी बरोबर, उठायलाच पाहिजे होतं. तिथून निघालो तो औषधाच्या दुकानातली पोरगी वाटवाली. तिच्या हातात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, म्हणून तिलाही म्हटलं, अगदी बरोबर, बसायलाच पाहिजे होतं. माझा स्वभाव तुम्ही जाणताच.

अशात एके दिवशी भिंगरी चहा पिताना सहज बोलून गेली, की खेळाच्या पानावर लोक किती तारे देतात ते पाहूनच त्यांना पैसे पुरवणारे वरचे साहेब पाचव्या, म्हणजे शेवटच्या, भागाचं ठरवणार आहेत. महिनाअखेर निकाल. ती एवढंच बोलली. पुढचं सगळं मी केलं, आणि तुमच्याकडून करवून घेतलं.

आता यात माझी काय चूक, ते तुम्हीच सांगा. तुम्ही आणि मी गिरणीत एकाच उजेडाच्या टेबलावर एकोणतीस वर्षं कापड तपासलं. त्या टेबलावरच तर आपलं हे नातं जुळलं. आपल्याकडे काय रीत होती? धागा तुटला, एक खूण. गाठ दिसली, आणखी एक. तेलाचा डाग, आणखी एक. पाच खुणा पडल्या की ठाण उचलून चिंध्यांच्या ढिगात. निर्दोष ठाणाला एकही खूण नसायची. पानावर पाहिलं तर पाच तारे कोरे ठेवलेले, हवे तेवढे दाबा. मी मुळात एकही दाबणार नव्हतो, पण ते यंत्र एकही न दाबता पुढे सोडत नाही. म्हणून जड मनाने एक दाबला आणि खाली आपल्या खात्याचा शेरा लिहिला, "माल उत्तम, दोष नाही, पुढे जाऊ द्यावा." मग तुम्हाला कळवलं. मग बागेतल्या बाकावर बसणाऱ्या आपल्या जुन्या मंडळींना कामाला लावलं. तुमचा उत्साह तर काय सांगावा! तुम्ही स्वतःसकट एकतीस माणसं उभी केलीत (दवाखान्याच्या रांगेतल्या लोकांचे फोन घेऊनसुद्धा, असं तुम्हीच अभिमानाने सांगितलं होतं). माझी एकोणतीस आणि मी एक. एकसष्ट माणसं, एकसष्ट तारे, आणि सगळ्यांचा शेरा अक्षरशः एकच.

मी तेवढ्यावर थांबलो नाही, हे अजून तुम्हाला सांगितलेलं नाही. पाच तारे देणारे लोक पाहून माझं डोकं फिरायचं. एका मुलीने पानभर लिहिलं होतं, की हा भाग खेळून मी तासभर रडले, इतकं सुंदर मी काही पाहिलं नाही. आणि वर पाच तारे! तोंडावर गोड बोलून मागून पाच खुणा ठोकणारा एक मुकादम आपल्या खात्यात होता, आठवतो ना? मला वाटलं, ही त्याच्याच जातकुळीतली. मी तिला खाली लिहिलं, की बाई, चार लेकरं रात्रंदिवस राबून माल काढतात आणि तुम्ही असा चिंध्यांत फेकता, लाज नाही वाटत? तिने विचारलं, "काका, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?" मी लिहिलं, मी कोणाच्याच बाजूचा नाही, मी तपासनीस आहे. असं मी बावीस जणांना खडसावलं.

मागच्या मंगळवारी भिंगरी जेवायला बसली, पण जेवेना. म्हणाली, "कोणीतरी ठरवून आमच्या मुळावर उठलंय. तीन दिवसांत एकसष्ट जणांनी एकेक ताराच दिलाय. आणि खाली टोमणा काय, तर माल उत्तम, दोष नाही, पुढे जाऊ द्यावा. आता सगळे वल्हेवाले तोच टोमणा मारत फिरतायत." मी आनंदाने जागच्या जागी उसळलोच. म्हटलं, "अगं, ते आपलेच! मी आणि तुझे दुसरे आजोबा!"

मुलीच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. जावयांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि खाली आणलाच नाही. भिंगरी चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "आजोबा, ते उलटं असतं." मग तिने समजावून सांगितलं. पाच म्हणजे उत्तम आणि एक म्हणजे चिंध्या. चारच्या खाली सरासरी गेली तर पाचवा भाग नाही. आपण हात लावण्यापूर्वी ती चार आणि वर थोडी होती. आता तीन आणि वर थोडी आहे. मी उरलेला भात तसाच टाकून उठलो. (आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी त्याचंही वाईट वाटलं.)

चूक केली त्याने निस्तरावी म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्या पानावर जाहीर माफी लिहिली. एकसष्ट तारे चुकून पडले आहेत, याला मी आणि माझे व्याही जबाबदार आहोत, खेळ करणारी मुलगी आमची नात आहे, तिचा दोष नाही, असं मोकळेपणाने लिहिलं. तर वल्हेवाले म्हणाले, बघा, घरचेच लोक तारे वाटत होते. वाटवाले म्हणाले, हा म्हातारा वल्हेवाल्यांनी उभा केला आहे. संध्याकाळपर्यंत दोन्ही पक्षांचं एका मुद्द्यावर एकमत झालं, की असा आजोबा अस्तित्वातच नाही. मी लिहिलं, की मी आहे. तर एकाने मला पुरावा मागितला. मी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो टाकणार होतो, तेवढ्यात मुलीने फोन काढून घेतला.

तुम्हाला म्हणून सांगतो, तो भाग मी स्वतः पूर्ण खेळलो. भिंगरीने शेजारी बसवून बटणं दाखवली होती. चाळीस मिनिटांत मी होडी अकरा वेळा झाडली. किटली थंड होऊ दिली नाही. शेवटी शेवटी तर वरच्या अंगाला बघायचीसुद्धा भीती वाटायला लागली. कोणी आलं नाही तेव्हा मी उठून दार उघडून जिन्यात डोकावून आलो. कशाला, ते मला विचारू नका. हा भाग मला आवडला की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी वल्हेवाला की वाटवाला, तेही नाही. भिंगरी विचारेल म्हणून मी तिच्यासमोर जाणं टाळतो. ती विचारत नाही, हे जास्त लागतं.

तरी व्याहीबुवा, हात जोडून विनंती आहे. तुमच्या एकतीस जणांना गाठून एकाचे पाच करवून घ्या. दवाखान्याच्या रांगेतलेही शोधा. औषधं संपली की ती माणसं परत येतातच. शुक्रवारी निकाल आहे. नातीच्या संसाराची म्हातारपणी अशी वाताहत करून बसलोय (संसार म्हणजे तिचा हा खेळच, तुम्ही समजून घ्या). रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. विहीणबाईंना नमस्कार. तुमच्या धाकट्या सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
अस्तित्वात नसलेला व्याही

ता. क. १ (गुरुवार) : पत्र तुमच्या चिरंजीवांकडे टाकायला दिलं होतं. ते दोन दिवस त्यांच्या कोटाच्या खिशात फिरून आज परत आलं. तेवढ्यात मुलीने वाचलं. ती म्हणते, एका दिवसात साठ जणांनी एकाचे पाच केले तर यंत्राला संशय येऊन सगळेच पुसले जातील. तेव्हा रोज दोघे किंवा तिघेच बदलू द्या. म्हणजे महिना लागेल, आणि निकाल उद्या आहे. काय करायचं ते तुम्हीच ठरवा. माझं डोकं चालत नाही.

ता. क. २ (शनिवार) : वरचं सगळं रद्द समजा. काल साहेबांनी नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, ताऱ्यांचं सोडा, लोक वाट बघायला तयार नाहीत. दुकानावरच्या खोल्या दोन दिवसांत सोडायच्या. भिंगरी दुपारी तीनलाच घरी आली, चपला घालूनच बिछान्यावर बसली आणि म्हणाली, "आजोबा, शेवटचा भाग फक्त माझ्या डोक्यात राहिला." मी विचारलं, साहेबांवाचून तो होणारच नाही का? म्हणाली, होईल, चौघंही तयार आहेत, वर्ष लागेल, पण बसायला जागा कुठाय? मी म्हटलं, माझी खोली घे. ती म्हणाली, अजिबात नाही, काहीतरीच काय. मग थोडी रडली. मग आत जाऊन खोलीची मापं घेतली.

तो चिठ्ठीवाला येतो की नाही, एवढं मला तरी सांग, असं मी तिला विचारलं. सांगत नाही.

ता. क. ३ (सोमवार) : आता मुद्द्याचं. तुमच्याकडे वर्षभर एक खाट जास्तीची निघेल का? मी घोरतो असं म्हणतात, पण विहीणबाईंचं यंत्र अजून आलं नसेल तर त्यांना त्रास होणार नाही. तुमच्या गुडघ्यांना रोज तेल लावून देईन. माझ्या पित्ताबद्दल चकार शब्द काढणार नाही. उत्तर तारेसारखं पाठवा, कारण त्यांची चारही टेबलं आज सकाळीच आली, आणि हे शेवटचं मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, मांडीवर गादीची वळकटी ठेवून लिहितो आहे.